पाहताना कळलेले गणित कागदावर का उतरत नाही?

उदाहरणाचा फोटो काढताच पायरीपायरीने उत्तर लिहून देणारी साधने आता विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये आली आहेत आणि त्यांच्यामुळे गणिताचे शिक्षण सुधारते की बिघडते, यावर बराच वाद चालू आहे. तुर्कस्तानातील एका शाळेच्या वरच्या वर्गांतील सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या वादाला काही आकडे पुरवले. ज्यांना सरावाच्या वेळी असे एआय साधन मोकळेपणाने वापरू दिले, त्यांचे सरावातील गुण इतरांपेक्षा ४८ टक्क्यांनी वाढले. नंतरच्या परीक्षेत साधन काढून घेतल्यावर मात्र तेच विद्यार्थी, ज्यांना ते कधी मिळालेच नव्हते अशांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. थेट उत्तर न देता फक्त इशारे देणारे साधन ज्यांना मिळाले, त्यांचे नुकसान बऱ्याच अंशी टळले.

हे निष्कर्ष शाळेतील मुलांविषयीचे असले, तरी महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटतील. वर्गात सगळे कळते, पण घरी उदाहरण पुढे आले की पहिली ओळही सुचत नाही, ही तक्रार या साधनांच्या कितीतरी आधीपासूनची आहे. तिचे कारण समजून घेतले, तर अभ्यास कसा करावा याचे बहुतेक नियम त्या कारणातूनच निघतात आणि वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

कळल्याची भावना कुठून येते

दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून आपण एखाद्या ठिकाणी जातो, तेव्हा प्रत्येक वळण बरोबर वाटते. दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी घेऊन निघालो की पहिल्याच चौकात थांबावे लागते, कारण आदल्या दिवशी वळण्याचा निर्णय आपण घेतलेला नसतो. सोडवलेले उदाहरण वाचताना नेमके हेच घडते. वाचक प्रत्येक ओळीला एवढेच विचारतो की आधीच्या ओळीवरून ही ओळ निघते का, आणि उत्तर बहुधा ‘हो’ असते. परीक्षेत विचारला जाणारा प्रश्न मात्र वेगळा असतो. असंख्य शक्य पायऱ्यांपैकी हीच पायरी का, हा तो प्रश्न होय, आणि पुस्तकातील नीटनेटक्या उत्तरात त्याचा मागमूसही राहिलेला नसतो.

वाचून आलेला हा विश्वास किती टिकतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोजले गेले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के आठवले आणि इतरांना ७५. आठवड्याने हे चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. हा प्रयोग गद्य उताऱ्यावरचा होता, गणितावरचा नव्हता, आणि गणितात तर आठवण्याच्या जोडीला निवडही करावी लागते. तरीही त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. अभ्यास करताना वाटणारी सहजता आणि महिन्याभराने हाताशी राहणारे ज्ञान यांचा मेळ बसतोच असे नाही.

म्हणून गणिताच्या अभ्यासाची पहिली अट अशी की पुस्तक, वही आणि पडदा मिटलेला असताना हात चालला पाहिजे. वर्गात सोडवलेले उदाहरण त्याच दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवून पाहावे. अडले, तर मूळ उत्तरातील अडलेल्या जागेपुरते पाहून पुन्हा मिटावे. हे वाचनापेक्षा हळू चालते आणि करताना काही येत नसल्यासारखे वाटते. पुष्कळ विद्यार्थी याच भावनेला घाबरून पुन्हा वाचनाकडे वळतात, आणि माझ्या मते महाविद्यालयीन गणितातील सर्वांत महागात पडणारी सवय हीच आहे.

जुने गणित कच्चे असले की नवे का कळत नाही

मनात एका वेळी हाताळता येणाऱ्या गोष्टींची जागा फार थोडी असते. मानसशास्त्रात तिला कार्यस्मृती म्हणतात. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये केलेल्या अंदाजानुसार तिच्यात सुमारे चारच घटक एकाच वेळी मावतात. ज्याला अपूर्णांकांची बेरीज, घातांकांचे नियम किंवा त्रिकोणमितीची साधी सूत्रे आठवण्यासाठी थांबावे लागते, त्याची ही जागा त्यातच भरून जाते आणि फळ्यावरच्या नव्या कल्पनेला काही उरत नाही. ‘कॅल्क्युलस (बदलाचा दर आणि साठत जाणारी बेरीज यांचे गणित) कळत नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचा पेपर तपासला, तर चुका बऱ्याचदा कॅल्क्युलसच्या नसतातच. दोन संख्यांच्या बेरजेचा व्यस्तांक म्हणजे त्यांच्या व्यस्तांकांची बेरीज, किंवा वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे मूळ संख्यांचीच बेरीज, अशा समजुतींनी उत्तर बिघडलेले असते.

सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत अभ्यासक्रम तुलनेने हलका असतो. तेव्हा मागील इयत्तांची मिश्र उदाहरणे वेळ लावून सोडवावीत आणि जिथे हात थांबतो तेवढाच भाग दुरुस्त करावा. सगळे पहिल्यापासून शिकण्याची गरज सहसा नसते.

व्याख्या पाठ करणे म्हणजे घोकंपट्टी नाही का

शाळेतील गणितात व्याख्येकडे दुर्लक्ष करूनही चांगले गुण मिळतात, कारण तिथे बहुतेक प्रश्न रीतीचे असतात. महाविद्यालयात तसे चालत नाही. तिथे ‘संतत’, ‘अभिसारी’, ‘स्वतंत्र’ हे शब्द रोजच्या अर्थाने वापरलेले नसतात. त्यांचा अर्थ व्याख्येत लिहिला आहे तेवढाच, आणि सिद्धतेची पहिली ओळ बहुतेक वेळा व्याख्याच असते. ‘सिद्ध करा’ या प्रश्नापुढे कोरा कागद राहतो, तेव्हा अनेकदा कल्पकता कमी पडलेली नसते. ज्या गोष्टीविषयी काही सिद्ध करायचे आहे ती नेमकी काय आहे, हेच लिहिता आलेले नसते.

या व्याख्या इतक्या काटेकोर का, याचे उत्तर इतिहासात आहे. न्यूटन आणि लायब्निझ यांनी कॅल्क्युलस सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे केले, पण लिमिटची नेमकी व्याख्या स्थिरावायला एकोणिसावे शतक उजाडले. त्या कामातील मोठे नाव असलेल्या कोशी यांनी १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात असे विधान केले होते की संतत फंक्शनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही संतत असते. संतत म्हणजे ज्याचा आलेख कुठे तुटत नाही ते फंक्शन, आणि अभिसारी म्हणजे जिची बेरीज एका निश्चित संख्येकडे जाते ती श्रेणी. गणितज्ञ आबेल यांनी १८२६ मध्ये त्याला अपवाद दाखवला. पुढे ‘अभिसारी’ या कल्पनेचेच दोन वेगवेगळे प्रकार करावे लागले. जिथे कोशींचाही पाय घसरला, तिथे विद्यार्थ्याने ‘साधारण अर्थ माहीत आहे’ यावर भागवणे धोक्याचे आहे.

तरीही आक्षेप उरतोच: शब्द पाठ असले म्हणून समजले असे होते का? होत नाही, आणि म्हणून व्याख्या लिहून झाल्यावरच खरे काम सुरू होते. व्याख्येत बसणारे एक उदाहरण स्वतः शोधावे, मग थोडक्यात हुकणारे एक शोधावे. प्रमेयाच्या बाबतीत एकेक अट काढून टाकून काय मोडते ते पाहावे. रोलचे प्रमेय सांगते की बंद अंतरालात संतत असलेल्या, आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह (म्हणजे आलेखाच्या स्पर्शिकेचा चढ) असलेल्या आणि दोन्ही टोकांना सारखीच किंमत घेणाऱ्या फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह आत कुठेतरी शून्य होतो. आता −१ ते १ या अंतरालात क्षची केवळ किंमत घ्या. फंक्शन संतत आहे, दोन्ही टोकांना किंमत १ आहे, पण आलेखाची स्पर्शिका कुठेच आडवी होत नाही, कारण शून्यापाशी आलेख कोपऱ्यासारखा मोडतो आणि तिथे डेरिव्हेटिव्हच नाही. हे एक चित्र स्वतः काढलेला विद्यार्थी ती अट पुन्हा विसरत नाही.

असेच दुसरे उदाहरण श्रेणींचे. पदे शून्याकडे जात असली की बेरीज मर्यादित राहणार, असे जवळजवळ प्रत्येकाला आधी वाटते. १ + १/२ + १/३ + १/४ अशी पुढे जाणारी श्रेणी हा समज मोडून काढते: तिची पदे शून्याकडे जातात आणि बेरीज कोणत्याही मर्यादेपलीकडे वाढते. चौदाव्या शतकात निकोल ओरेम यांनी दिलेली याची सिद्धता आजही अर्ध्या पानात लिहिता येते. पदांचे असे गट पाडायचे की प्रत्येक गटाची बेरीज निदान १/२ तरी भरेल. असे गट कधी संपत नाहीत, हे लक्षात आले की काम झाले. प्रत्येक प्रकरणासाठी अशा हुकणाऱ्या उदाहरणांचे एक पान ठेवणे हे सूत्रांच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

एकाच प्रकारची वीस उदाहरणे सोडवून काय बिघडते

पाठ्यपुस्तकातील उदाहरणसंग्रह बहुधा एकाच रीतीचा असतो. ‘सब्स्टिट्यूशन’ या शीर्षकाखालची वीस इंटिग्रेशने सोडवताना कोणती रीत वापरायची हे शीर्षकानेच सांगितलेले असते. परीक्षेत शीर्षक नसते.

कागदावर ही तीन इंटिग्रेशने शेजारीशेजारी लिहून पाहावीत. पहिल्यात क्षने ईच्या क्ष-वर्ग घाताला गुणले आहे. दुसऱ्यात क्षने ईच्या क्ष घाताला गुणले आहे. तिसऱ्यात नुसता ईचा क्ष-वर्ग घात आहे. दिसायला तिघेही भावंडांसारखे, पण पहिले सब्स्टिट्यूशनने दोन ओळींत सुटते, दुसऱ्याला बाय पार्ट्स लागते, आणि तिसऱ्याचे उत्तर नेहमीच्या फंक्शनांत मांडताच येत नाही. असे मांडता न येण्यामागचा सिद्धान्त लिऊव्हिल यांनी १८३० च्या दशकात उभा केला. दोन्ही रीती येत असूनही कोणते इंटिग्रेशन कोणत्या रीतीचे हे न ओळखणारा विद्यार्थी तिसऱ्यावर वीस मिनिटे घालवतो आणि पहिल्याला बाय पार्ट्स लावून बसतो.

हा फरक डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फार ठळकपणे दिसला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले गेले. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे सलग सोडवली, तर दुसऱ्याने तीच उदाहरणे मिसळून सोडवली. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर होती आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाल्यांचे प्रमाण २० टक्क्यांवर आले, तर मिसळणाऱ्यांचे ६३ टक्के राहिले.

नवी रीत शिकताना पहिली तीनचार उदाहरणे एका प्रकारची सोडवावीच लागतात, त्याला इलाज नाही. त्यानंतर मात्र संग्रहातील उरलेली उदाहरणे राखून ठेवून मागील दोनतीन प्रकरणांतील उदाहरणांत मिसळावीत. शक्य असल्यास ती चिठ्ठ्यांवर प्रकरणाचे नाव न घालता उतरवावीत. काही वेळा उदाहरण पूर्ण सोडवण्याचीही गरज नसते: रीत कोणती आणि ती कशावरून ओळखली, एवढे लिहून पुढे जाता येते. अर्ध्या तासात अशी पंधरा उदाहरणे पाहून होतात.

मग सोडवलेली उदाहरणे पाहूच नयेत का

असे म्हणणे चुकीचे ठरेल. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत दाखवले की अगदी नवशिक्या विद्यार्थ्याला सुरुवातीला नुसते झगडायला लावण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला देणे अधिक फायद्याचे असते, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या मर्यादित कार्यस्मृतीतच आहे. पुढील संशोधनात असेही आढळले की विद्यार्थी जसजसा तयार होतो, तसतसा हा फायदा ओसरतो आणि मग स्वतः सोडवणे अधिक उपयोगी ठरते. म्हणजे प्रश्न पाहावे की न पाहावे असा नसून केव्हा आणि कसे पाहावे असा आहे.

पाहताना उत्तर एका कागदाने झाकून एकेक ओळ उघडावी आणि पुढची ओळ उघडण्यापूर्वी ती काय असेल याचा अंदाज करावा. अंदाज चुकला, तर लेखकाने आपल्याला न दिसलेले काय पाहिले होते, ते समासात एका वाक्यात लिहावे. फोनवरील साधनांनाही हाच नियम लावता येतो: पूर्ण उत्तर मागण्याऐवजी स्वतःचा अर्धवट प्रयत्न देऊन ‘पहिली चूक कोणत्या ओळीत आहे, एवढेच सांग’ असे विचारावे. ती साधनेही आत्मविश्वासाने चुकतात, त्यामुळे मिळालेले उत्तर स्वतः तपासण्याची कुवत नसेल, तर त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

उत्तर आल्यावर पान उलटण्याची घाईही करू नये. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रश्न सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून पाहणे. चौथा टप्पा जवळजवळ प्रत्येकजण गाळतो, पण रीत लक्षात राहते ती तिथेच. उत्तराचे डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ फंक्शन मिळते का, हेच करण्याचा दुसरा मार्ग होता का, प्रश्नातील एक संख्या बदलली असती तर काय झाले असते, या प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात.

अडकल्यावर किती वेळ बसावे

याला ठरावीक मिनिटांचे उत्तर नाही, परंतु अडकून बसणे आणि नुसते बसणे यांत फरक करता येतो. दिलेल्या गोष्टींपैकी कोणती अजून वापरलेलीच नाही, संज्ञांच्या जागी त्यांच्या व्याख्या लिहिल्या का, दोन बाय दोनच्या मॅट्रिक्ससाठी किंवा पहिल्या तीन पदांसाठी तरी करून पाहिले का, चित्र काढले का, अशा प्रश्नांतून काही नवे लिहिले जात असेल तोवर बसावे. अर्धा तास कागदावर एकही नवी ओळ आली नाही, तर नेमके कुठे अडले ते एका वाक्यात लिहून उदाहरण बाजूला ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते अनेकदा सुटते, आणि सुटले नाही तरी शिक्षकांना विचारण्यासाठी नेमका प्रश्न तयार असतो. ‘हे प्रकरणच कळले नाही’ या प्रश्नाला कोणताही शिक्षक फारसे उपयोगी उत्तर देऊ शकत नाही.

एवढा वेळ कुठून आणायचा

इतर विषय असताना हे सगळे कसे जमायचे, हा रास्त प्रश्न आहे. यांतील मोठा भाग वेळ वाढवण्याचा नसून तो वेगळा वाटण्याचा आहे. विसरण्याचा वेग हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवर मोजला होता, आणि थांबून थांबून केलेली उजळणी सलग उजळणीपेक्षा स्वस्त पडते हेही त्यांनी नोंदवले. रोरर आणि टेलर यांनी २००६ मध्ये गणितासाठी हेच तपासले. एका गटाने दहा उदाहरणे एका बैठकीत सोडवली, तर दुसऱ्याने पाच आणि पाच अशी आठवड्याच्या अंतराने. एका आठवड्याने दोघांत विशेष फरक नव्हता, परंतु चार आठवड्यांनी विभागून सोडवणारे बरेच पुढे होते. उदाहरणे तेवढीच, वेळही तेवढाच.

त्यामुळे रविवारी सलग पाच तास बसण्याऐवजी तेच पाच तास आठवड्यात चारपाच वेळा विभागावेत आणि प्रत्येक बैठकीची पहिली दहा मिनिटे जुन्या प्रकरणांतील एखाद्या उदाहरणाला द्यावीत.

‘माझे डोके गणिताचे नाही’

सगळ्यांची पूर्वतयारी आणि वेग सारखा नसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी अपयशाचे कारण आपण किती चटकन चुकीचे ठरवतो, हे अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात दिसून आले. १९७० च्या दशकात यूरी ट्राइसमन यांनी तेथे कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आणि यशस्वी ठरणाऱ्या चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा चालतो, ते प्रत्यक्ष पाहिले. शिक्षकांनी जिद्द, तयारी आणि कौटुंबिक पाठबळ यांची कमतरता गृहीत धरली होती, आणि ती गृहीतके टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट करत होते, पण बहुतेक एकट्याने. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने सोडवत, नंतर एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, आणि कोणी कुठे चुकले व प्राध्यापकांना काय अपेक्षित आहे, हे त्यांना लवकर कळत असे. यावरून ट्राइसमन यांनी कठीण प्रश्नांवर गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत सहभागी झालेल्यांचे निकाल लक्षणीयरीत्या सुधारले.

यातील ‘आधी एकट्याने’ हा भाग गाळून चालत नाही. जिथे एकजण सोडवतो आणि चौघे उतरवून घेतात, तो गट मागच्या सीटवर बसवण्याचेच काम करतो. प्रत्येकाने आपला अर्धवट का होईना प्रयत्न घेऊन यावे आणि सिद्धता दुसऱ्याला तोंडी समजावून सांगावी, इतपत शिस्त असली की तिघाचौघांचा गट पुरतो.

परीक्षेआधी आणि परीक्षेनंतर

शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, सूत्रांचा कागद दूर ठेवून सोडवाव्यात. पहिली प्रश्नपत्रिका दोन आठवडे आधीच सोडवून ठेवावी, म्हणजे उघडी पडलेली उणीव भरून काढायला वेळ राहतो.

तपासून आलेल्या उत्तरपत्रिकेतील गुण पाहून ती ठेवून देण्याची पद्धत मात्र मोडायला हवी. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर कारण लिहावे: व्याख्या आठवली नाही, रीत ओळखता आली नाही, रीत बरोबर पण बीजगणित चुकले, प्रमेयाची अट तपासली नाही, की वेळ पुरला नाही. बीजगणितातच गुण जात असतील, तर सिद्धतांवर आणखी तास घालून काही हाती लागणार नाही. रीत ओळखण्यात जात असतील, तर सूत्रे पुन्हा घोकण्याने फरक पडणार नाही. पुढील चाचणीची तयारी या पानावरून आखावी आणि चुकलेले प्रश्न आठवड्याने, उत्तर न पाहता, पुन्हा सोडवावेत.